‘हा आमचा नव्हेच’ : रामराजे छत्रपतींची गोष्ट

आधी माझ्या आजीच्या भावाची गोष्ट सांगतो, मग छत्रपतींची. क्रम उलटा वाटेल, पण थोडं थांबा.

आजीचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. तिचा धाकटा भाऊ तेरा-चौदा वर्षांचा असताना घरातून पळून मुंबईला गेला. त्याचा पत्ता नाही, पत्र नाही. सव्वीस वर्षांनी एक दिवस एस.टी.तून उतरला आणि चावडीवर येऊन म्हणाला, मी अमक्याचा मुलगा. आईबाप केव्हाच वारले होते. तीन एकर जमीन भावकी कसत होती. भावकी म्हणाली, हा तो नव्हेच. कुणीतरी शिकवून पाठवलेला दिसतोय.

आजीला बोलावणं गेलं. ती गेली, त्याला ओसरीवर बसवलं आणि एवढंच विचारलं, “काय वाढू?” तो म्हणाला, “ताकात कुस्करलेली शिळी भाकर, वर कच्चं तेल.” आजीने ताट वाढलं, समोर बसली आणि रडायलाच लागली. तिच्यापुरता निकाल लागला होता. भावकी म्हणाली, शिळी भाकर कोण खात नाही? हा काय पुरावा झाला? मग कोर्टकचेरी. सतरा वर्षं चालली. सातबाऱ्यावर नाव लागलं तेव्हा आजोबा वारून दोन वर्षं झाली होती.

परवा अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. ताराराणींच्या वाड्याचे पडके अवशेष आहेत ना, तिथे उभा होतो आणि हे सगळं आठवलं. कारण याच गडावर एका माणसाला त्याच्या सख्ख्या आजीने कोंडलं होतं. ज्या तोंडाने ‘हा माझा नातू’ म्हणून सगळ्या राज्याला सांगितलं, त्याच तोंडाने ‘हा माझा कोणी नव्हे’ म्हणून देवाच्या दारात शपथ घेतली. तो माणूस छत्रपती होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं छत्रपती होता. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

सातारच्या गादीवरचे दुसरे राजाराम. लोकांच्या तोंडी रामराजे.

त्यांची गोष्ट कळायची तर त्याआधीची एक गोष्ट कळायला पाहिजे. ‘तोतया’ हा आरोप सातारच्या गादीला नवा नव्हता.

शंभूराजांना औरंगजेबाने मार्च १६८९ मध्ये मारलं. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या हाती लागले. तिथून पुढे सतरा वर्षांहून जास्त काळ शाहूंचं घर म्हणजे बादशहाची छावणी. छावणी हलेल तिकडे हलायचं. इकडे राजाराम महाराज जिंजीला गेले, परतले, १७०० साली सिंहगडावर वारले. मग त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या लहानग्या मुलाला, त्याचंही नाव शिवाजीच, गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. तो बादशहा मार्च १७०७ मध्ये अहमदनगरला मेला, पण ताराबाईंना हरवू शकला नाही. हे विसरून पुढचं वाचलं तर ताराबाईंवर अन्याय होईल.

बादशहा मेल्यावर त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेला निघाला आणि वाटेत माळव्यात त्याने शाहूंना सोडून दिलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. सोडण्यामागचा हिशेब उघड होता: हा दक्षिणेत गेला की मराठ्यांत भांडण लागेल.

लागलंच. पंचविशीचे शाहू खानदेशात उतरले तसे सरदार येऊन मिळू लागले. ताराबाईंनी जाहीर केलं, खरा शाहू कुठला? हा मोगलांनी पाठवलेला तोतया आहे. आता ताराबाईंच्या जागी बसून बघा. सात वर्षांचं पोर गेलं, पंचवीस वर्षांचा माणूस आला. सोडणारा कोण, तर शत्रू. संशय यावा असंच सगळं होतं. शिवाय त्यांचं दुसरं म्हणणं होतं, की शंभूराजांचं राज्य बुडालंच होतं; पुढे जे राहिलं ते आम्ही राखलं, म्हणून ते आमच्या मुलाचं. हे म्हणणं पटो न पटो, पोकळ नव्हतं.

बखरी सांगतात की ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली. आणि त्याच बखरी सांगतात की शाहूंच्या बाजूला परसोजी भोसले गेले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या एका ताटात जेवले. भोसल्यांच्या कुळातला वडीलधारा माणूस ज्याच्या ताटात जेवला तो भोसलाच, असा त्याचा अर्थ. डीएनए चाचणीच्या काळातल्या आपल्याला हसू येईल. पण तेव्हा जात, कूळ, सोयरीक सगळं पंगतीवर ठरायचं. खोट्या माणसाच्या ताटात जेवणं म्हणजे स्वतःचं कूळ पणाला लावणं. पुरावा म्हणून ताट हलकं नव्हतं.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंना राज्याभिषेक झाला. लढाई जिंकल्यावर ‘तोतया’ हा शब्द आपोआप मागे पडला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या. तिथून दुसरी गादी उभी राहिली, पुढे कोल्हापूरची म्हणून ओळखली गेलेली.

रामराजांची गोष्ट सुरू होते ती या पन्हाळ्यावर.

१७१४ साली ताराबाईंच्या सवतीने, राजसबाईंनी, आपल्या मुलाला म्हणजे संभाजीराजांना गादीवर बसवलं आणि ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. ज्या बाईने औरंगजेबाला दमवलं ती आता घरच्यांच्याच कैदेत. १७२६ साली तो मुलगा कैदेतच वारला. त्याची राणी भवानीबाई तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला. तो जगला तर उद्या गादीवर हक्क सांगणार, म्हणजे त्याला जगू देणार नाहीत, हे ओळखायला ताराबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते तान्हं पोर गडावरून गुपचूप बाहेर काढलं. पुढे ते बार्शीजवळच्या पानगावला वाढलं, थोरल्या बहिणीच्या आश्रयाला. ही बहीण म्हणजे निंबाळकरांच्या घरात दिलेल्या दर्याबाई.

म्हणजे बघा, जन्मल्या जन्मल्या हद्दपारी. कुणी हुकूम काढलेला नाही, कुणी सीमेवर नेऊन सोडलेलं नाही. पण आपलं नाव उच्चारायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही, या अटीवर जगायचं. वीस-बावीस वर्षं. शत्रूच्या छावणीत वाढलेल्या शाहूंना निदान सगळं जग ‘शाहू’ म्हणून ओळखत होतं. मनसब होती, मान होता. या पोराकडे तेवढंही नव्हतं.

आणि इथेच पुढच्या भांडणाचं मूळ आहे. लपवलेल्या वारसाचा जीव वाचतो तो कुणाला माहीत नसल्यामुळे. पण उद्या तो वारस म्हणून उभा राहिला की हेच त्याच्यावर उलटतं. साक्षीदार कुठे आहेत? लपवणारीच साक्षीदार, आणि दाखवणारीही तीच.

१७३० च्या सुमाराला शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात लढाई झाली. त्यानंतर ताराबाई साताऱ्याला आल्या आणि इथेच राहिल्या. ज्यांना त्या तोतया म्हणाल्या होत्या, त्या शाहूंच्या पदरी. शाहूंनी मानाने ठेवलं. १७३१ साली वारणेचा तह झाला, सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी कायम झाली.

शाहू महाराजांना मुलगा उरला नाही. १७४९ साल उजाडलं तेव्हा महाराज अंथरुणाला खिळलेले, आणि साताऱ्यात एकच प्रश्न: पुढे कोण?

एक नाव होतं कोल्हापूरच्या संभाजीराजांचं. शाहूंच्या राणी सकवारबाई त्यांच्या बाजूच्या. आणि मग ताराबाईंनी पत्ता उघडला. माझा नातू जिवंत आहे.

सकवारबाईंच्या बाजूने लगेच उत्तर आलं, कसला नातू? हा तोतया आहे.

नियती म्हणतात ती हीच असेल तर तिला विनोदाची चांगली जाण असली पाहिजे. बेचाळीस वर्षांपूर्वी ताराबाईंनी ज्या शब्दाने शाहूंना अडवायला बघितलं, तोच शब्द शाहूंच्या राणीने ताराबाईंच्या नातवावर फेकला.

शाहूंनी मात्र मानलं. मरणापूर्वी नानासाहेब पेशव्यांच्या नावे दोन याद्या त्यांनी लिहून दिल्या. त्यांचा सारांश असा, की फौज तुम्ही ठेवा, राज्याचा बंदोबस्त तुम्ही करा, वंशातला कोणी बसवा, पण कोल्हापूरचे करू नका. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेले. सकवारबाई सती गेल्या. स्वखुशीने की दबावाने, यावर तेव्हापासून आजपर्यंत बोललं जातंय. जानेवारी १७५० मध्ये रामराजे छत्रपती झाले. वय चोवीसच्या आत. हयातीतला पहिला दरबार जो त्यांनी पाहिला तो स्वतःचाच.

पण कुजबूज थांबेना. ग्रँट डफने लिहून ठेवलंय की नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी अट घातली: ताराबाईंनी सगळ्या भावकीसमोर रामराजांबरोबर जेवावं आणि त्या अन्नावर हात ठेवून सांगावं की हा माझा नातू. ताराबाई जेवल्या. शपथ घेतली. रघुजींचं समाधान झालं.

पुन्हा ताट. रघुजी हे परसोजींच्याच घराण्यातले, हेही ध्यानात घ्या. पहिल्या वेळी त्यांच्या घरचा माणूस ताटात जेवून साक्षीदार झाला, दुसऱ्या वेळी त्यांच्या घरच्या माणसाने ताटाची साक्ष मागून घेतली.

आता हे ताट किती दिवस पुरलं ते बघा. एक वर्षसुद्धा नाही.

ताराबाईंचं वय पंचाहत्तर. त्यांना वाटलं होतं, नातू गादीवर बसला की कारभार आपल्या हाती येईल. अटकेकडे डोळे लावलेला तो पेशवाईचा काळ. कारभार आधीच पुण्याकडे सरकलेला. त्यात १७५० च्या सप्टेंबरात सांगोल्याला करार झाला. सदाशिवरावभाऊ तिथे होते, रामराजे तिथे होते. करारात रामराजांनी राज्याचा सगळा अखत्यार पेशव्यांकडे दिला. आपल्याला साताऱ्याभोवतीचा थोडा मुलूख असावा, बाकी तुम्ही कराल ते मान्य, असा त्याचा मतलब. मराठी राज्याची राजधानी नकाशावर सातारा राहिली, खऱ्या अर्थाने पुणे झाली, ती इथे.

रामराजांनी असं का केलं? बहुतेक इतिहासकार एका शब्दात उत्तर देतात: दुबळे होते. असतीलही. पण मला वाटतं, बावीस वर्षं ज्याला ‘तोंड उघडू नको, नाहीतर मरशील’ एवढंच शिकवलं, तो एकदम सिंहासनावर बसून नानासाहेबांशी आणि भाऊसाहेबांशी वाटाघाटी करील, ही अपेक्षाच जरा जास्त होती. फौज नाही, खजिना नाही, आपला म्हणावा असा एक सरदार नाही. एक आजी, आणि तिला राज्य हवं.

रामराजे साताऱ्याला परतले. ताराबाईंनी सांगून पाहिलं, पेशव्याच्या हातून कारभार काढून घे. रामराजे बधले नाहीत. मग चंपाषष्ठी आली, २४ नोव्हेंबर १७५०. सणाचं निमित्त करून आजीने नातवाला गडावर बोलावलं. तो गेला. आजीकडे सणाला जायला कोण घाबरतं?

गडाचे दरवाजे बंद झाले. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे ताराबाई त्याला म्हणाल्या, की तुला वर काढलं याचा मला पश्चात्ताप होतो. तू माझा नातू नाहीस. तुला जिथे ठेवलं होतं तिथे अदलाबदल झाली, तू गोंधळ्याचा पोर आहेस. खाली शहरात त्याची माणसं उभी होती, त्यांच्यावर गडावरून तोफा डागायचा हुकूम सुटला. रामराजांना ओलसर अंधारकोठडीत टाकलं आणि खायला जाडंभरडं धान्य.

इथे एक शब्द खुपतो म्हणून थांबतो. ‘गोंधळ्याचा पोर’. आपल्याकडे लग्न झालं की गोंधळ घालावाच लागतो, त्याशिवाय कुळाचार पुरा होत नाही. भवानीला बोलवायला गोंधळी चालतो. पण माणसाला हिणवायचं झालं तर तोच गोंधळी शिवी होतो. ताराबाईंना त्या क्षणी सगळ्यात जिव्हारी लागेल असा शब्द हवा होता आणि समाजाने तो त्यांच्या हाताशी आयता ठेवलेला होता. अडीचशे वर्षं झाली. आपल्या बोलण्यातून अशा किती शिव्या गेल्या, ज्याचं त्याने तपासावं.

पुढचं थोडक्यात. पेशवे तेव्हा निजामाच्या मुलुखात होते. ताराबाईंनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावलं. १७५१ च्या मार्चमध्ये दमाजी सालप्याचा घाट उतरून आले, लिंब-वेण्णेच्या भागात लढाया झाल्या, नानासाहेब धावत परतले आणि दमाजी पकडले गेले. गडावर मात्र ताराबाई अजिंक्य. किल्ल्याचे हवालदार आनंदराव जाधव यांनी राजाला बाहेर काढायचा बेत केला. तो फुटला आणि त्यांचा शिरच्छेद झाला. सातारकरांनो, रामराजांसाठी गडावर जीव देणारा कोणी होता तर हा. त्याचं नाव आपण कुठे कोरलंय का?

शेवटी पेशवे आणि ताराबाई दोघेही दमले. समेट झाला. गड आणि गडावरचा कैदी ताराबाईंच्या ताब्यात, राज्याचा कारभार पेशव्यांच्या. १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीला खंडोबाच्या देवळात दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या. तिथेच ताराबाईंनी शपथेवर सांगितलं, की रामराजा माझा नातू नव्हे.

आता साधा विचार करा. राजाची आजी, एकमेव साक्षीदार, खंडोबासमोर भंडाऱ्याच्या साक्षीने सांगते की हा राजा खोटा आहे. मग पेशव्यांनी काय करायला हवं होतं? एक तर म्हणायचं, खोटा असेल तर उतरवा आणि खरा शोधा. नाहीतर म्हणायचं, खरा आहे, त्याला सोडा.

त्यांनी दोन्ही केलं नाही. रामराजे छत्रपती राहिले आणि कैदेतही राहिले.

कारण खरा-खोटा हा प्रश्नच कुणाला नको होता. पेशव्यांना राजा हवा होता, पण शिक्क्यापुरता. ताराबाईंना राजा हवा होता, पण मुठीत. गडावरची कोठडी दोघांनाही सोयीची होती.

त्यानंतर काय काय झालं त्याची उजळणी करा. राघोबादादा अटकेपलीकडे गेले, तेव्हा छत्रपती हेच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर लाखभर माणूस कापलं गेलं, ते ज्यांच्या नावाने लढलं ते छत्रपती हेच, आणि ते त्या दिवशी साताऱ्याच्या गडावर आजीच्या कैदेत. नानासाहेब त्या धक्क्याने जूनमध्ये गेले. जुलैत सोळा वर्षांचे माधवराव साताऱ्याला आले, पेशवाईची वस्त्रं घ्यायला. कुणाच्या गादीकडून? ज्याला सहीशिवाय दुसरा अधिकार नव्हता, त्याच्याच.

डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई गेल्या. वय शहाऐंशीच्या घरात. शेवटपर्यंत नमल्या नाहीत. पुढे माधवरावांच्या काळात रामराजांची कैद सैल झाली, साताऱ्यात राहायला मोकळीक मिळाली. सत्ता मात्र नाही. मग नारायणरावांना वस्त्रं मिळाली ती यांच्याकडून. नारायणरावांचा खून झाल्यावर राघोबांनी मागवली ती यांच्याकडून. राघोबांना दूर करून चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी पुरंदरला नेली, तीही यांच्याकडूनच. मागणारे एकमेकांच्या जिवावर उठलेले, देणारा एकच. त्याने कुणाला नाही म्हटल्याचं दिसत नाही. म्हणणार कुठून?

गंमत अशी की याच सुमाराला पुण्यात खरोखरचं ‘तोतया’ प्रकरण गाजत होतं. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला, फौज जमवली, किल्ले घेतले. १७७६ साली त्याला पकडलं, चौकशी केली आणि मारलं. म्हणजे तोतयाचं काय करायचं असतं हे पुण्याला पक्कं माहीत होतं. रामराजांना त्यांनी कधी त्या रांगेत बसवलं नाही. आजीच्या शपथेवर त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे यावरून ज्याने त्याने ठरवावं.

डिसेंबर १७७७ मध्ये रामराजे वारले. त्याआधी त्यांनी वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला होता. ते दुसरे शाहू. त्यांचे चिरंजीव प्रतापसिंह महाराज, ज्यांनी साताऱ्याला पाणी आणलं, शाळा काढली, छापखाना घातला. त्यांना कंपनी सरकारने १८३९ साली खोट्यानाट्या आरोपांवरून पदच्युत करून काशीला पाठवलं. ते तिथेच १८४७ ला वारले. त्यांचे भाऊ शहाजीराजे पुढच्या वर्षी वारले, मरताना दत्तक घेऊन. डलहौसी म्हणाला, हे दत्तक आम्हाला मंजूर नाही. १८४९ साली राज्य खालसा.

इथे ताट नव्हतं, दूधभात नव्हता, भंडारा नव्हता. कागद होता, मिनिटं होती, लंडनची मंजुरी होती. रंगो बापूजी चौदा वर्षं विलायतेत बसून दाद मागत राहिले. पद्धत बदलली, प्रश्न तोच राहिला: तू वारस आहेस की नाहीस हे आम्ही ठरवणार, आणि ठरवताना आमची सोय बघणार.

आता मला विचाराल, रामराजे खरे की खोटे? मला ते खरे वाटतात. ताराबाईंनी नातू नाकारला तो सांगोल्यानंतर, आणि नातू ऐकत नाही हे कळल्यावर. ताट आधी, शपथ नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये करार. रागाच्या भरात ‘तू माझ्या पोटचा नाहीस’ म्हणणाऱ्या आयाबाया आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. फरक एवढाच, की या बाईच्या हाती गड होता आणि तोफा होत्या. आणि बाई म्हणून, लढवय्यी म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहेच. संगम माहुलीला गेलो की त्यांच्या समाधीला हात जोडल्याशिवाय परतत नाही. पण आदर आहे म्हणून गडावरची ती कोठडी दिसायची थांबत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगायला नकोच. खरा कोण, खोटा कोण, नाव कुणाचं, निशाणी कुणाची, वारसा कुणाचा, यावर गेली काही वर्षं आपण सकाळ-संध्याकाळ भांडतोय. चहाच्या टपरीवर मित्रांची तोंडं एकमेकांकडे बघत नाहीत. मी कुणाची बाजू घेत नाही. मला फक्त एक सवय लागलीय, ती तुम्हालाही लागावी असं वाटतं. कोणी छातीठोकपणे ‘हाच खरा’ किंवा ‘हा तोतया’ म्हणालं, की पुरावा बघायच्या आधी मी बघतो, या माणसाला असं म्हणून काय मिळणार आहे. शाहूंना तोतया म्हणणाऱ्यांना गादी राखायची होती. त्यांना खरं म्हणणाऱ्यांत वतनं मागणारेही होते. रामराजांच्या बाबतीत तर सकवारबाई, ताराबाई, रघुजी, पेशवे, एकही साक्षीदार असा नाही ज्याचा त्यात हिशेब नव्हता.

माझ्या आजीने बापाच्या जमिनीवरचा हक्क लग्नानंतरच सोडून दिला होता, कागदावर अंगठा देऊन. त्या तीन एकरांत तिला एक वाफाही मिळणार नव्हता. सगळ्या गावात काहीही मिळायचं नसलेली ती एकटी साक्षीदार होती. आणि सतरा वर्षं तिचंच कुणी ऐकलं नाही.

रामराजांना तशी आजी मिळाली नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं, त्या कोठडीत बसून ते स्वतःला कोण समजत होते, हे विचारायला गडावर कोणी गेल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. पुढच्या वेळी अजिंक्यताऱ्यावर गेलात, सेल्फी झाले, मंगळाईला नमस्कार झाला, की त्या पडक्या वाड्यापाशी दोन मिनिटं थांबा. एक छत्रपती तिथे अकरा वर्षं कैदेत होते. आनंदराव जाधवांचंही नाव घ्या.